वर्गणी : खळ्यापासून संकेतस्थळापर्यंत

वर्गणी हा शब्द कानीं पडला कीं मराठी माणसाचा हात सहज खिशाकडे जातो. कोणाचा पैसे काढण्यासाठीं, तर कोणाचा खिसा सांभाळण्यासाठीं! गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी असे तिचे नाना प्रकार घरोघरीं परिचयाचे आहेत. यांपैकीं उत्सवाची वर्गणी एकदां दिली कीं संपते. परंतु वाचनालयाची व मासिकाची ठराविक मुदतीनें पुन्हां पुन्हां द्यावी लागते. हल्लीं ही दुसऱ्या जातीची वर्गणी संकेतस्थळावरून आपोआप वसूल होऊं लागली आहे. ही सोय संकेतस्थळास कशी जोडतात, आणि जोडतांना हयगय झाली तर देणाराचें व घेणाराचें काय नुकसान होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही कल्पना परदेशांतून आली असें समजण्याचें कारण नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुत्याची जी पद्धत वर्णिली आहे, ती एका अर्थीं वर्गणीचीच होय. सुतारानें वर्षभर नांगर-पाभर नीट करावी, न्हाव्यानें हजामत करावी, आणि प्रत्येक कामाचा दाम न मागतां सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन ठरलेला धान्याचा वांटा घ्यावा. यांत सोय होती, तसा दोषहि होता. माप भरणारा हात शेतकऱ्याचा असे; तेव्हां तें शीग लावून भरावें कीं हातचें राखून, हें बलुतेदाराच्या इच्छेवर नव्हतें. नियमित देण्याघेण्याच्या प्रत्येक पद्धतींत ‘माप कोणाच्या हातीं?’ हाच मुख्य प्रश्न असतो.

पुढें वर्तमानपत्रें व मासिकें आलीं. ‘केसरी’ १८८१ सालीं निघाला, काशीनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मनोरंजन’ १८९५ सालीं. अशा पत्रांच्या सुदैवानें टपालखात्यानें व्ही. पी.ची पद्धत १८७७ सालीं व मनिऑर्डरीची १८८० सालीं सुरू केली होती. ग्राहकानें मनिऑर्डर करावी, कुपनावर आपला ग्राहक क्रमांक लिहावा, आणि पैसे घेणाराच्या सहीची पोहोच टपालवाल्यानें परत आणून द्यावी. वर्ष संपलें कीं पुढचा अंक व्ही. पी.नें येई. ग्राहकानें ती सोडवून घेतली तर ठीक. न घेतल्यास टपालखर्च प्रकाशकाच्या माथीं बसे. येथें माप ना देणाराच्या हातीं ना घेणाराच्या. मध्यें एक तिऱ्हाईत उभा होता, आणि दोघांचाहि त्याच्यावर विश्वास होता.

डोंगरकडा हें नांदेडहून हिंगोलीकडे जातांना लागणारें, कळमनुरी तालुक्यांतील गांव. हा सर्व मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील टपालखातें निराळें आणि नाणेंहि निराळें. निजामी रुपयास ‘हाली’ म्हणत व इंग्रजी रुपयास ‘कलदार’. सात हालीचे सुमारें सहा कलदार होत. अशा गांवच्या वाचकास पुण्यामुंबईच्या मासिकाची वर्गणी द्यावयाची झाल्यास आधीं त्रैराशिक मांडणें आलें! आतां नाणें एक झालें, अंतर तेवढेंच राहिलें. परंतु पैसा मात्र निमिषार्धांत पोंचतो.

समजा, डोंगरकड्याच्या एका हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं पुण्याचें एक मासिक हवें आहे, आणि त्या मासिकानें आपल्या संकेतस्थळावर वर्गणी घेण्याची सोय करावयाचें ठरविलें आहे. मासिकाचा चालक स्वतः बँक नव्हे. म्हणून तो रेझरपेसारख्या मध्यस्थ कंपनीकडे खातें उघडतो. ही कंपनी जुन्या टपालवाल्याच्या जागीं होय. तिच्या यंत्रास प्रथम योजना सांगावी लागते : वर्गणी किती, मुदत महिन्याची कीं वर्षाची, आणि किती हप्त्यांनंतर थांबावयाचें. येथें रक्कम रुपयांत न देतां पैशांत द्यावी लागते. पांचशें रुपयांसाठीं ५०० लिहिल्यास ग्राहकाकडून पांचच रुपये येतील. अपूर्णांकांमुळें हिशेबांत खोट येऊं नये म्हणून ही रीत आहे. जुने मुनीम आणे-पैपर्यंत हिशेब जुळवीत, त्यांस हें समजावून सांगावें लागलें नसतें.

तारखेचीहि एक मौज आहे. ३१ जानेवारीस सुरू झालेल्या मासिक वर्गणीचा दुसरा हप्ता फेब्रुवारींत केव्हां घ्यावा? तो महिन्याच्या अखेरच्या दिवशीं घेणें वाजवी. परंतु मार्चमध्यें पुन्हां ३१ तारखेवर आलें पाहिजे. नाहीं तर एकदां २८ वर घसरलेली तारीख कायम तेथेंच राहते. अधिक मासाचा पगार द्यावा कीं नाहीं यावर ज्यांच्या आजोबांनीं वाद घातले असतील, त्यांस हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं.

यानंतर ग्राहकाची संमति. हा सर्वांत नाजूक भाग. पूर्वीं कार्डाचा क्रमांक एकदां दिला कीं दुकानदार तो जपून ठेवी, आणि त्यावरून वाटेल तेव्हां पैसे घेई. रिझर्व्ह बँकेनें २१ ऑगस्ट २०१९ रोजीं पत्रक काढून या व्यवहारास नियम घालून दिले, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते कसोशीनें लागू झाले. पहिल्या वेळीं ग्राहकानें ओटीपीसारख्या जादा खुणेनें स्वतः मान्यता द्यावी. पुढील प्रत्येक वसुलीपूर्वीं निदान २४ तास आधीं त्यास सूचना जावी. आणि त्यास नकार देण्याची मुभा असावी, असे हे नियम आहेत. अशा विनाओटीपी वसुलीची मर्यादा आरंभीं २,००० रुपये होती. ती पुढें ५,००० व जून २०२२ मध्यें १५,००० करण्यांत आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदारानें कार्डाचा क्रमांक आपल्यापाशीं ठेवणेंच बंद झालें. त्याऐवजीं त्यास एक टोकन मिळतें, जें चोरास निरुपयोगी असतें. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें जुलै २०२० मध्यें यूपीआय ऑटोपे सुरू केल्यापासून कार्ड नसलेल्या घरासहि ही सोय झाली. डोंगरकड्याच्या शेतकऱ्यापाशीं कार्ड नसेल, परंतु मोबाईल असतोच.

संमति मिळाली म्हणजे काम संपलें असें नवशिक्यास वाटतें, आणि येथेंच तो फसतो. ग्राहकाच्या पडद्यावर ‘पैसे दिले’ असें दिसतें, तेवढ्यावर विसंबून अंक चालू करणें धोक्याचें. त्याच क्षणीं वीज गेली किंवा मोबाईलची रेंज तुटली, तर पैसे गेलेले असूनहि संकेतस्थळास त्याचा पत्ता नसतो. म्हणून मध्यस्थ कंपनी आपल्याकडून संकेतस्थळास स्वतंत्र निरोप पाठविते. त्यास वेबहूक म्हणतात. मनिऑर्डरीच्या पोहोचेचाच हा नवा अवतार. या पोहोचेबाबत तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या लागतात. पहिली, ती खरी आहे कीं बनावट हें तपासावें. कंपनी प्रत्येक निरोपावर गुप्त किल्लीनें केलेली गणिती सही घालते. लाखेची मोहोर पाहिल्याशिवाय जसा लखोटा स्वीकारूं नये, तसा ही सही जुळल्याशिवाय निरोप मानूं नये. दुसरी, एकच पोहोच दोनदां येऊं शकते. कारण उत्तर मिळालें नाहीं तर कंपनी तोच निरोप पुन्हां पाठविते. प्रत्येक निरोपाचा क्रमांक वहींत टिपून ठेवला, तर एका हप्त्याची दोनदां नोंद होत नाहीं. तिसरी, आधींचा निरोप मागाहून व मागचा आधीं येण्याचा संभव असतो; म्हणून नुसत्या येण्याच्या क्रमावर भरंवसा ठेवूं नये.

हप्ता न मिळाल्यास काय करावें? गांवाकडे पैसा सुगीच्या मागें येतो. हळद काढून, उकडून, वाळवून ती वसमतच्या बाजारांत जाईपर्यंत घरांत रोकड नसते. अशा वेळीं खात्यांत शिल्लक नाहीं म्हणून पहिल्याच नकारास अंक बंद करणें ही माणुसकी नव्हे, आणि व्यापारहि नव्हे. शहाणा चालक कांहीं दिवसांची सवलत देतो, पुन्हां प्रयत्न करतो, आणि ग्राहकास त्याच्या भाषेंत कळवितो. मात्र वारंवार प्रयत्न करणेंहि बरें नव्हे. दारांत दहा वेळां उभा राहणारा वसूलदार कोणास आवडतो?

ही सर्व जुळणी खऱ्या पैशावर करून पाहण्याची गरज नसते. मध्यस्थ कंपन्या खोट्या पैशाची रंगीत तालीम करूं देतात. तींत केवळ यशाचा प्रवेश करून भागत नाहीं. नकार, विलंब, दुहेरी निरोप, परतावा, या सर्वांची तालीम झाली पाहिजे. नाटक पडतें तें बहुधा न केलेल्या प्रवेशांतच!

शेवटचा प्रश्न सोडून जाण्याचा. वर्गणी सुरू करण्यास एक कळ, आणि बंद करण्यास मात्र दहा दारें ठोठवावीं लागतात, असा अनुभव पुष्कळांस येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार सांगून त्यांस मनाई केली. ‘वर्गणीचा सांपळा’ हा त्यांतील एक आहे. परंतु कायद्यावांचूनहि हें समजावयास हवें. जुन्या काळीं व्ही. पी. घेऊन आलेल्या टपालवाल्यास दारांतच कळे कीं घरचा वाचक वारला आहे. तो पाकिटावर तसा शेरा मारी आणि पाकीट परत जाई. यंत्राला दार नाहीं, आणि दारांतला शोकहि त्यास दिसत नाहीं. डोंगरकड्याचा तो वृद्ध वाचक गेला, तरी बँकेस वर्दी मिळेपर्यंत त्याच्या खात्यांतून दरमहा रक्कम जात राहील. घरांत मासिक वाचणारें कोणी उरलेलें नसेल, आणि सुनेस त्याचा पत्ताहि नसेल. म्हणून संमतीस अखेरची मुदत असावी, चोवीस तास आधींची सूचना साध्या मराठींत असावी, आणि ‘बंद करा’ हे शब्द ‘सुरू करा’ इतक्याच मोठ्या अक्षरांत असावेत. घरोघरींच्या मंडळींनींहि महिन्यांतून एकदां मोबाईलमधील ऑटोपेची यादी उघडून पाहावी; त्या यादींतून नको असलेली परवानगी तेथल्या तेथें रद्द करतां येते.

खळ्यावर माप देणाराच्या हातीं होतें, आज तें घेणाराच्या यंत्राच्या हातीं गेलें आहे. ज्याच्या हातीं माप, त्याच्यावर जबाबदारी अधिक. ती ओळखून चालविलेलें मासिक ग्राहक वर्षानुवर्षें घेत राहतात. कारण पैसे आपोआप जात असले, तरी विश्वास मात्र दर महिन्यास नव्यानें मिळवावा लागतो.