पोवळ्याची बाग आणि आमची बोडी

आम्ही कोंढ्याहून बोलतोय, पवनी तालुक्यातून. आज पापड-लोणच्याचं नाही सांगणार, कर्जाच्या एका अर्जाचं सांगणार आहोत. तो अर्ज आमच्या गटानं नाकारला, आणि नाकारूनही मोकळे झालो नाही.

वैशाखातली बैठक होती. एका ताईनं पंचेचाळीस हजार मागितले. कशाला, तर लेकीला घरात समुद्र करायचाय! आधी सगळ्या हसलो. मग पोरीनं मोबाईल पुढं केला. काचेची मोठी पेटी, आत निळा उजेड, आणि त्यात हिरवी, जांभळी, केशरी फुलं उमललेली, वाऱ्यावर डुलावीत तशी पाण्यात डुलणारी. पोरगी म्हणाली, हे प्रवाळ आहेत. यांचा तुकडा तोडून दगडावर चिकटवला की नवीन वाढतो. फोटो काढायचे, मोबाईलवर टाकायचे, तुकडे विकायचे. शहरातल्या एका दुकानदारानं तिला भाव सांगितला होता, आणि हेही सांगितलं होतं की कागदपत्रांची काही भानगड नाही.

पोरगी बारावी झालेली, घरी बसलेली, स्थळं बघणं सुरू झालेलं. ताईचं म्हणणं साधं होतं. तिच्या हाताला काही काम लागलं तर दोन वर्षं लग्नाचं थांबवता येईल. त्यामुळे अर्ज पंचेचाळीस हजारांचा असला तरी प्रश्न त्याच्यापेक्षा मोठा होता. आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि माहिती काढायला लागलो.

आमच्यातली एक म्हातारी आई म्हणाली, अगं प्रवाळ म्हणजे पोवळंच ना? गळ्यातलं? तिचं बरोबर होतं. डोरल्यात, अंगठीत आपण लाल पोवळं घालतो, तो समुद्रातल्या प्रवाळाचाच सांगाडा. आपल्याला वाटतं तो खडा आहे. चित्रात बघणाऱ्याला वाटतं ते झाड आहे. खरं तर तो जीव आहे. बोटाच्या पेराहूनही लहान असे शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात, पाण्यातला चुना घेऊन खाली दगडासारखं घर बांधतात. प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती मिशांसारखे हात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. बदल्यात त्याला राहायला जागा मिळते. म्हणजे भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो! प्रवाळाचा बराचसा रंग या शेवाळाचा, काही त्याचा स्वतःचा. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. लगेच मरत नाही, पण उपाशी पडतो. पाणी लवकर थंड झालं तर वाचतो, नाही तर गेला.

आता हे घरात करायचं म्हणजे काय, ते बघा. दोनशे लिटरची पेटी धरली तर एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ लागतं. म्हणजे पहिल्याच दिवशी सात किलो. तेही आपल्या स्वयंपाकाचं मीठ नाही. समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं वेगळं, महाग मीठ. पाणी बोअरचं चालत नाही, नळाचं चालत नाही, आरओचं लागतं. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे वीस लिटर पाणी आणि सातशे ग्रॅम मीठ. मधल्या दिवसांत पाणी आटतं तेव्हा मात्र साधं गोड पाणी घालायचं, मिठाचं नाही. कारण वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहतं. आमटी आटली की खारट होते, तसंच. हे मात्र बैठकीत सगळ्यांना एका झटक्यात कळलं.

आणि उष्णता. प्रवाळाला पाणी 24 ते 27 अंशांच्या आसपास लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. घरातल्या रांजणाशिवाय काही थंड नसतं. म्हणजे पेटीचं पाणी गार ठेवणारं यंत्र रात्रंदिवस चालवायचं, त्याच्या जोडीला पाणी हलवणारा पंप, वर दिवे. आमच्या गावात वादळ आलं की वीज कधी चार तास जाते, कधी रात्रभर. पंप थांबला की पाण्यातली हवा संपते. इन्व्हर्टर धरला तर पंचेचाळीस हजार सुरुवातीलाच संपले.

तरीही सांगते, फक्त खर्च असता तर आम्ही कदाचित रदबदली केली असती. अडलं ते दुसरीकडे. आमच्यातल्या दोघी वन खात्याच्या कार्यालयात गेल्या. तिथं कळलं की आपल्या देशात प्रवाळ हा वाघाच्या रांगेतला जीव आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 सालापासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखा, अग्निप्रवाळ असे प्रकार घातलेले आहेत. समुद्रातून काढणं, जवळ बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. दुकानदार म्हणाला होता कागद लागत नाही. लागत नाही कारण त्या मालाचा कागद बनतच नाही! तुकडा कुठून आला हे तो सांगणार नव्हता, आणि उद्या कोणी विचारलं असतं तर नाव आमच्या पोरीचं निघालं असतं. गटाच्या कर्जाच्या वहीत आमच्या सह्या असत्या.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सगळ्यांनाच सांगायची आहे, कारण ती आपल्या घरात असू शकते. जत्रेत, पूजेच्या सामानाच्या दुकानात ‘इंद्रजाल’ म्हणून एक वस्तू मिळते. जाळीदार, वाळलेल्या झुडपासारखी, काळपट, बऱ्याचदा काचेच्या चौकटीत बसवलेली. दारावर लावली की नजर लागत नाही, लक्ष्मी टिकते असं सांगून विकतात. ती कुठल्या जंगलातली वनस्पती नाही. तो समुद्रातला काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो, म्हणजे याच कायद्यातला जीव, मारून वाळवलेला. आमच्या गटातल्या एकीच्या घरी निघाला. तिच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी आणलेला. ती रडकुंडीला आली. आमचं मत विचाराल तर भिऊन चुलीत टाकू नका, पण नवीन घेऊ नका, विकायला तर नकोच. आणि घरात असेल तर वन खात्याला विचारून पुढचं करा. नजरेचं काय ते मीठ-मोहरीनं होतंच की आपल्याकडे.

प्रवाळ बघायचाच असेल तर आपल्या महाराष्ट्रातही आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात. 1987 साली तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. लोक तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घालून बघतात. आमच्यातलं कोणी अजून गेलेलं नाही, पण फिल्म पाहिली. त्यात एक माणूस सांगत होता की पाहुणे प्रवाळावर उभे राहतात, दगड समजून. दगडासारख्या गोल प्रवाळाची वाढ वर्षाला एखादा सेंटीमीटर, कधी तेवढीही नाही. एका पायाखाली किती वर्षं जातात बघा. तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून परत समुद्रात लावायचं कामही तिथं झालं आहे, तमिळनाडूत तुतिकोरिनच्या समुद्रात तर वीसेक वर्षांपासून चालू आहे. ते आम्हाला लगेच समजलं. ती रोवणीच आहे. पऱ्हे काढायचे, चिखलात बोटानं रोवायचे, आणि जगतात का बघत बसायचं. फक्त चिखल समुद्रात आहे आणि परवानगी सरकारची आहे.

तर पंधरा दिवसांनी बैठक झाली आणि आम्ही नाही म्हणालो. पोरगी उठून गेली. ताई काही बोलली नाही, पण पुढच्या बैठकीला बचतीचे पैसे दुसरीच्या हाती पाठवले. आम्हाला ते लागलं. कायदा दाखवून नाही म्हणणं सोपं होतं. पण पोरीची मूळ गोष्ट तशीच राहिली होती. तिला पाण्यातलं काहीतरी वाढवायचं होतं आणि त्याचे फोटो काढायचे होते. यात चूक काय होती?

तेव्हा आमच्यातल्या एका ढिवर ताईनं विचारलं, पाण्यातली बाग आपल्याकडे नाही का? आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या. ती म्हणाली, आमच्या आजीच्या वेळी बोडीत खाली हिरवी झाडी असायची, त्यात मासोळी अंडी घालायची. आता बेशरम माजली, झाडी गेली, तर मासोळीही गेली. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे निमगावला शालू कोल्हे आणि तिथल्या ढिवर बायकांनी हेच काम हातात घेतलंय, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम उपटायची, जमीन नांगरायची, आणि पाणी आलं की इथल्याच पाणवनस्पती आणून लावायच्या. म्हणजे तुतिकोरिनला प्रवाळ आणि निमगावला पाणझाडी. रोवणी दोन्हीकडे.

मग पोरीला परत बोलावलं. आठ हजारांचं कर्ज दिलं. घरामागं सिमेंटचे दोन टाके, एक काचेची पेटी, आणि गप्पी, मोली असे शोभेचे मासे. हे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, म्हणून शिकायला सोपे. प्रवाळाच्या जागी बोडीतली हिरवी पाणझाडी.

पहिल्याच दिवशी चाळीस गप्पींतले एकतीस मेले. नळाचं पाणी थेट ओतलं होतं, त्यात क्लोरीन. चूक आमचीही होती, आम्हीच घाई केली. आता पाणी उघड्या टाक्यात दिवसभर ठेवतो. आणि नवीन पेटीत लगेच मासे सोडत नाही. दोन-चार मासे सोडून काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, तोवर मासोळीची घाण पचवणारे बारीक जंतू पाण्यात तयार होतात. दह्याला विरजण लागावं लागतं, तसं.

फोटोचं मात्र पोरीकडून आम्ही शिकलो. तिनं आम्हाला एक गंमत दाखवली. ते प्रवाळाचे झगमग फोटो असतात ना, ते निळ्या उजेडात काढतात. त्या उजेडात प्रवाळ स्वतः चमकतो, पण कॅमेऱ्याला सगळं निळंच दिसतं, म्हणून काचेपुढं पिवळी-केशरी भिंग लावतात. काही जण वरून रंगही वाढवतात. म्हणजे घरी पेटी आणली असती तरी डोळ्यांना तसं दिसलं नसतं! आपल्या माशांना हे काही लागत नाही. काच आतून-बाहेरून पुसायची. मागं काळा कागद लावायचा. खोलीतला दिवा बंद, पेटीवरचा चालू, म्हणजे काचेत आपलंच तोंड दिसत नाही. फ्लॅश नाही. मोबाईल काचेला जवळजवळ टेकवून सरळ धरायचा, तिरका धरला की चित्र फाकतं. पंप दोन मिनिटं बंद. खाणं टाकल्यावर लगेच काढायचा नाही, पाणी गढूळ दिसतं. आणि मग थांबायचं. ती म्हणते, शंभरात दोन चांगले येतात. रंग वाढवायचा नाही, हा आमचा नियम. फोटोत लाल आणि पिशवीत गुलाबी निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

मोठं करायचं असेल त्यांच्यासाठी: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाचं युनिट तीन लाखांचं धरलंय, आणि महिलांना साठ टक्के अनुदान, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. बाकीचे पैसे कुठून आणणार हेही तेव्हाच ठरवा. आमचं अजून ठरलेलं नाही.

परवा पोरीनं बोडीतून बादलीभर पाणी आणलं. त्यात बोटभर लांबीची, अंगावर चंदेरी पट्टा असलेली एक मासोळी होती. पेटीत सोडून तिनं फोटो काढला आणि बैठकीत फिरवला. ढिवर ताईनं बघितल्याबरोबर नाव सांगितलं, म्हणाली ही लहानपणानंतर आज बघते. तो फोटो आता गटाच्या वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलाय. त्याच वहीत आठ हजारांचे सोळा हप्ते लिहिलेत. आठ आले, आठ यायचे आहेत. स्थळं बघणं अजून चालूच आहे, पण ताई आता म्हणते, पोरीला विचारून सांगते.