पेरसाळीचा वाण आणि रानाची ओल



कोकणातल्या खाचरात भाताला पाणी साचून मिळतं. आपल्या मराठवाड्यातली पेरसाळ मात्र जमिनीच्या ओलीवरच जगते. म्हणून वाण निवडताना शेजाऱ्याला किती पोती झाली हे विचारण्याआधी, आपल्या रानात ओल किती दिवस टिकते ते पाहा.

मागे एका शेतकऱ्याने मला त्याची साळ दाखवली. पीक कमरेला लागलेलं, हिरवंगार. लोंबी हातावर चोळली, तर निम्मे दाणे पळंज! वाण लांब मुदतीचा, रान मुरमाड, अन् ऐन निसवताना पावसाने ओढ दिलेली. त्याच्याच ओढ्याकाठच्या तुकड्यात तोच वाण भरून पिकला होता. वाण वाईट नव्हता, जागा चुकली होती.

तेव्हा हलक्या रानात 100 ते 110 दिवसांत येणारा वाण घ्या. भारी, ओल धरणाऱ्या रानात 120 दिवसांचा चालेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पेरसाळीसाठी तेरणा, प्रभावती, पराग असे वाण दिले आहेत. आपल्या रानाला कोणता योग्य, ते बी घेण्याआधी विचारून घ्या.

दुपारच्या उन्हात पानांची सुरळी झाली तर घाबरू नका. पण सकाळीही पानं उलगडली नाहीत, तर मुळांशी ओल उरली नाही असं समजा. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल, तर ते पोटरी ते फुलोरा या दिवसांसाठी राखा. फुटव्यांच्या वेळची तूट थोडीफार भरून निघते, फुलोऱ्यातली निघत नाही.

आणखी एक. चुनखडीच्या काळ्या रानात ओल कमी झाली, की कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात. त्यावर युरिया टाकू नका. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. इथे कमतरता लोहाची आहे. रान सुकलं की लोह मुळांना मिळत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 25 ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. गरज वाटल्यास 8-10 दिवसांनी पुन्हा फवारा. युरिया द्यायचाच तो रानात ओल असताना, कोळपणीबरोबर.

यंदा चांगला पाऊस होऊन गेला, की आठ दिवसांनी रानात वीतभर खड्डा घ्या. तळची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल आहे. भुगा झाला तर लवकर येणाराच वाण पेरा.