ऑइल बदललं, तरी दिवा पेटतोच?

करावे गावातून पाम बीच रोडवर गाडी काढली आणि डॅशबोर्डवर पिवळा पाना चमकला, तर दचकू नका. परवाच ऑइल बदललंय ना? मग बहुधा गॅरेजमध्ये रिमाइंडर शून्यावर आणायचा राहून गेलाय.

बऱ्याच गाड्यांत हा दिवा ऑइल तपासतच नाही, नुसते किलोमीटर आणि महिने मोजतो. नवं ऑइल भरलंय, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. काही गाड्यांत इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करायचं आणि ट्रिप मीटरचं बटण दाबून धरायचं. काहींत स्क्रीनवरच्या मेनूत सोय असते, तर काहींना स्कॅनरच लागतो. तुमच्या गाडीची नेमकी रीत मॅन्युअलमध्येच बघा.

पण त्याआधी एक काम करा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून जरा थांबा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ऑइल न बदलता नुसता दिवा घालवणं म्हणजे इंजिनाशी वैर.

आणि लाल रंगाची, थेंब गळणारी किटली दिसली, तर ती वेगळी गोष्ट. तो ऑइलच्या दाबाचा इशारा आहे. तिथे रीसेट वगैरे काही नाही. गाडी सुरक्षितपणे कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.