रस्ता गाड्यांचा, बस कुणाची?

(राजगुरुनगर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज वाहतुकीवर बोलायचे म्हटल्यावर काहीजणींनी विचारले, “ताई, हा बायांचा विषय आहे का?” मारहाण, पोटगी, दारू हे आपले विषय, रस्ते आणि पूल पुरुषांनी बघावेत. मीही बरीच वर्षे असेच समजत होते.

आपल्या गटातली एक बाई चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करते. साडेआठच्या पाळीसाठी पावणेसातला घर सोडते. एके दिवशी तिची टमटम तळेगाव चौकात अडकली. वीस मिनिटे उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली गेली. कायम कामगारांना आणणारी कंपनीची बस त्याच कोंडीत होती, तीही तेवढ्याच उशिराने फाटकातून आत गेली. त्यांची हजेरी शाबूत राहिली. बस कंपनीची, म्हणून तो उशीर कंपनीचा. टमटमचा उशीर मात्र बाईचा!

कोंडीबद्दल आता उद्योजकही बोलू लागले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चाकणच्या कोंडीविरुद्ध आकुर्डीला मोर्चा गेला. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्र सरकारने मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. पूल झाला तर ट्रक आणि मोटारी वरून जातील. पण आपल्या बाईला आंबेठाण चौकात उतरायचे असते. ती खालीच राहणार, आणि तिच्यासाठी किती बसगाड्या वाढणार, हे या आकड्यात कुठेच नाही.

जगात काही शहरांनी वेगळी वाट धरली. गर्दीच्या भागात मोटार आणायची तर पैसे भरा, असे सांगितले. सिंगापूरने १९७५ मध्येच सुरुवात केली. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला पाच पौंड शुल्क लागले. बसगाड्या आधी वाढवल्या, शुल्क नंतर आले, आणि उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा असे कायद्याने बांधून घेतले. न्यूयॉर्कमध्ये ५ जानेवारी २०२५ पासून मोटारीला दिवसा नऊ डॉलर पडतात. त्यातून भुयारी रेल्वे आणि बससाठी भांडवल उभे करायचे आहे. दोन्ही ठिकाणी मोठ्या उद्योजकांच्या संघटनांनी पाठिंबा दिला होता. याला कुणी उदारपणा म्हणू नये. माल अडकतो, माणसे उशिरा येतात, त्यात त्यांचे नुकसान होते. हा त्यांचा हिशेब आहे, आणि हिशेब करणाऱ्याशी बोलता येते.

आपल्याकडे काय झाले? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्याही पैशांतून. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. जूनमध्ये पी.एम.पी.चे कमीत कमी तिकीट पाचाचे दहा रुपये झाले. मोटारवाल्याला सूट आणि बसमधल्या बाईला वाढ! मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे हे खरे, पण ती योजना एस.टी.ची आणि एस.टी. काही कारखान्याच्या दारात जात नाही.

आमच्याच काही सहकाऱ्यांना उद्योजकांच्या बरोबरीने एखादी मागणी करणे पटत नाही. मला पटते, पण पैसा कुठे जाणार हे आधी लिहून घेतले पाहिजे. हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून दुष्काळी गावातल्या बाईला काम मिळाले. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिसचे मालक पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर भरतात. चाकणच्या मालकांनी बससाठी असा वाटा का देऊ नये? आणि कंपनीच्या बसमध्ये कंत्राटी बाईला जागा का नसावी?

रात्रीचे तर बोलायलाच हवे. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने कारखान्यात बायांना रात्रपाळी खुली झाली, ती मालकाने वाहन देण्याच्या अटीवर. कागदावर ठीक आहे. २००९ मध्ये पुण्याच्या खराडीत काम संपवून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता बाईला मोटारीतून पळवून नेले. तिचा मृतदेह आपल्या खेड तालुक्यात सापडला. मी ते नुसते बातमीत वाचले नव्हते. त्यानंतर या भागात किती मुलींच्या नोकऱ्या घरच्यांनी बंद केल्या, हे घरोघरी जाऊन ऐकले आहे. बस नसली की पहिली कोंडी बाईची होते.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. उद्या खरेच शुल्क आले तर कर्ज काढून घेतलेल्या स्कुटीचे काय? माझे मत, दुचाकी आणि टमटम वगळावी. यावर तुमचे मत वेगळे असेल तर भांडा माझ्याशी, इथेच.

मागणी करायला आधी मोजदाद हवी. पुढच्या सोमवारी सकाळी सहा ते नऊ आपण तळेगाव चौकात दोन्ही बाजूंना उभ्या राहू. किती बाया बसने येतात, किती टमटममधून, किती चालत, आणि किती कंपनीच्या बस अर्ध्या रिकाम्या जातात, एवढेच लिहायचे. वह्या मी आणते. राजगुरुनगरहून पहिल्या बसने निघायचे आहे, तेव्हा ज्या येणार त्यांनी आज जायच्या आधी नाव सांगून जा.