पिल्लांचा आहारबदल आणि पोटाचे विकार
(पारगाव येथील पशुपालकांसमोर केलेले भाषण)



घोड नदीकाठच्या या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसाच्या आश्रयाने बिबट्याही वस्तीजवळ आला. राखणीच्या कुत्र्याचे मोल आपणांस सांगावयास नको. तरीही नवे पिल्लू आणले आणि त्याला जुलाब लागले की, "जागा बदलली, सोसले नाही" असे म्हणून आपण स्वस्थ बसतो.

बहुधा दोष जागेचा नसून वाटीतल्या दुधाचा असतो. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश व प्रथिने अधिक, तर दुग्धशर्करा कमी असते. वाटीभर गाईचे दूध एकदम पाजले की न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते व पिल्लाला पातळ शौचास होते. वय वाढते तशी ही शर्करा पचविण्याची शक्ती उलट घटत जाते.

म्हणून पिल्लू आठ आठवडे आईजवळच राहू द्यावे. आणताना ते काय खात होते हे विचारून घ्यावे आणि पहिले दोन-तीन दिवस तेच द्यावे. पुढे नवे अन्न पाव भाग, मग निम्मे, मग पाऊण असे आठवडाभरात वाढवावे. मऊ भात किंवा भाकरी, उकडलेले अंडे, बिनहाडाचे मांस दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. तिखट कालवण नको. आपल्याकडे मुबलक असलेला कांदा आणि जुन्नरची द्राक्षे तर मुळीच नकोत. कांद्याने तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात, द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जंताचे औषधही वेळेवर द्यावे.

मात्र प्रत्येक जुलाब आहाराचा नसतो. वारंवार उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण, खाणे बंद, पिल्लू मलूल, ही पार्व्हो या विषाणुजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. अशा वेळी घरातली माणसांची गोळी न देता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. लहान पिल्लाच्या शरीरातले पाणी फार लवकर आटते. सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लस टोचावी व सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचून घ्यावी.

हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. एक पिल्लू दगावले त्या जागी लस न टोचलेले दुसरे पिल्लू लगेच आणून बांधू नये.