एकसष्टावं मूल

वसंत व्याख्यानमाला भरते त्या दिवसांत गावातली मुलं मामाकडे गेलेली असतात आणि नगरपालिकेच्या शाळेतले शिक्षक मुलं शोधत वस्त्यावस्त्यांतून फिरत असतात. निवृत्त होईपर्यंत मीही फिरलो. काखेत वही आणि डोक्यात एकच आकडा: ६१.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ पासून तीन. साठ मुलं म्हणजे पाच वर्ग दोघांत. बाईंकडे पहिली-दुसरी, उरलेलं माझ्याकडे. फळ्यावर खडूची उभी रेघ. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. चौथीला शुद्धलेखन, कारण त्यात मुलं गप्प बसतात. चौथीवर मी अन्याय केला, कबूल.

लोक म्हणतात, शिकवणं सुधारा, पट आपोआप वाढेल. ‘असर’ ही शालेय शिक्षणाची पाहणी काय सांगते बघा. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतली, दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४. वाचन सुधारलं. आणि त्याच दोन वर्षांत सरकारी शाळेत जाणाऱ्या ६ ते १४ वयाच्या मुलांचं प्रमाण ७२.९ वरून ६६.८ वर आलं. कोविडात आलेली मुलं परत गेली. पालक निकाल वाचून शाळा बदलत नाहीत हो. दाराशी व्हॅन येते, गळ्यात टाय असतो, शेजारचा पोरगा ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझा मुलगाही पाचवीपासून दुसऱ्या शाळेत होता. पण जातात ती बहुतेक घरी अभ्यास घेणारं कोणी असलेली मुलं. मागे उरलेल्यांची सरासरी काढायची आणि शाळा घसरली म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

उलटंही घडतं. कोल्हापुरात जरगनगरच्या महापालिका शाळेत पाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. तिथले शिक्षक मेहनती आहेतच. पण पट आहे म्हणून शिक्षक आहेत, शिक्षक आहेत म्हणून रांग आहे. आमचं चाक तेच, फिरतं उलटं.

एका वर्षी आमची गाडी साठावर अडली. संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात. शाळेमागच्या बांधकामावर एक सात वर्षांची मुलगी वाळूत बसलेली दिसली, मांडीवर भाऊ. आई म्हणाली, “गुरुजी, हिला नेलं तर ह्याला कोण बघंल?” म्हटलं, त्यालाही आणा. दीड वर्षाचा तो गडी बाईंच्या खोलीत चटईवर झोपायचा. पटावर नव्हता, पण हजेरी शंभर टक्के! मुलगी दिवाळीपर्यंत जोडाक्षरं वाचायला लागली.

तिच्या नावावर तिसरं पद मंजूर झालं. मंजुरी होऊन माणूस यायला मात्र पुढचा जून उजाडला. नवे गुरुजी रुजू झाले, मी त्यांना दुसरीचं हजेरीपत्रक दिलं. त्यांनी एका नावावर थांबून विचारलं, “ही कुठाय?”

मागची इमारत तोवर पुरी झाली होती. त्या घरात कुणाचेतरी पडदे लागले होते.