वहिवाटीचे मांजर आणि नवे पिल्लू
(एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडे जिन्यांखाली, माळ्यांवर आणि लाकडांच्या वखारींतून मांजरीची पिले दिसू लागतात. आणि ज्या घरी रस्त्यावरचे एखादे मांजर पूर्वीच आश्रयास येऊन घरचे झाले आहे, त्याच घराच्या दारात एक नवे पिल्लू कोणीतरी हमखास आणून ठेवतो, कारण ‘येथे मांजराला नाही म्हणत नाहीत’ अशी त्या घराची ख्याती झालेली असते. घरच्या माणसांच्या मनात करुणा उत्पन्न होते, तिच्या जोडीला ‘आपल्या मांजरालाही सोबत होईल’ असा विचार येतो, आणि पिल्लू दिवाणखान्यात मधोमध सोडले जाते. माझे आजचे निवेदन या दुसऱ्या विचाराविषयी आहे. करुणा योग्यच आहे. परंतु जुन्या मांजराला सोबत हवी आहे हे आपण परस्पर ठरविलेले असते, आणि त्या निर्णयाचा भार मात्र त्याच्यावर पडतो.

पिल्लू उचलण्यापूर्वीही थोडे थांबावे. मांजरी पिलांना सात घरे फिरविते असे आपण म्हणतो. ती खरोखरच त्यांना एकेक करून तोंडात धरून जागा बदलीत असते, आणि वाटेत एकटे दिसलेले पिल्लू पोरके असेलच असे नाही. पिल्लू धोक्यात नसेल तर काही तास दुरून पाहत राहिल्यास पुष्कळदा त्याची आई परत येते.

मांजराचा वंश उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजरापासून निघाला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका मनुष्याच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. म्हणजे माणसाचा सहवास या प्राण्याला नवा नाही. परंतु त्याचा मूळ पिंड एकट्याने शिकार करणाऱ्याचा आहे. एक उंदीर हा एका मांजराचा घास. त्यात वाटणीला जागा नाही, म्हणून लांडग्यांप्रमाणे कळप करून राहण्याची गरज त्याला पडली नाही. पाउल लायहाउझेन या जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने असे निरीक्षण नोंदविले, की ज्या मांजरांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात ती एकच वाट निरनिराळ्या वेळी वापरतात आणि समोरासमोर येण्याचे टाळतात. मासळी बाजारासारख्या, अन्नाची विपुलता असलेल्या ठिकाणी नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, एकमेकींच्या पिलांना पाजतातही. परंतु बाहेरून आलेल्या अनोळखी मांजराचे तेथेही सहसा स्वागत होत नाही.

आता अशा मांजराचा विचार करा, ज्याचे बालपण रस्त्यावर गेले, ज्याला प्रत्येक घासासाठी झगडावे लागले, आणि ज्याला या घरात प्रथमच कोणी हुसकावून न लावणारी जागा मिळाली. जमिनीच्या मामल्यात सनद नसली तरी दीर्घ वहिवाटीला वजन असते. या मांजराच्या हाती सनद नाही, त्याचा सारा हक्क वहिवाटीचा आहे, आणि ती वहिवाट ते दररोज गाल, कपाळ आणि पंजे घासून दाराच्या चौकटीवर, पलंगाच्या पायावर आणि आपल्या पोटऱ्यांवरही स्वतःच्या गंधाने नव्याने नोंदवीत असते. त्या दप्तरात एके दिवशी परका गंध उमटतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पना आपण करावी.

म्हणून पिलाचा पहिला मुक्काम निराळ्या, दार बंद होणाऱ्या खोलीत असावा, आणि तोही साधारण दोन आठवडे. याला आरोग्याचेही कारण आहे. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या घातक रोगाचा विषाणू जमिनीवर आणि वस्तूंवर वर्षभरही टिकू शकतो. त्यावर आपल्या घरातले फिनेल भरवशाचे नाही, उलट ते मांजरालाच विषारी आहे. पिलाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा द्यावी लागते. मांजरांचा ल्युकेमिया लाळेवाटे, एकाच ताटलीतूनही, पसरू शकतो, तर त्यांच्या प्रतिकारशक्तीचा ऱ्हास करणारा दुसरा विषाणू मुख्यतः चाव्यातून जातो. पूर्वी रस्त्यावर मारामाऱ्या केलेल्या बोक्याची आणि पिलाचीही या दोहोंसाठी रक्ततपासणी करून घेणे इष्ट होय.

परिचयाचा क्रम गंधापासून सुरू होतो. पिलाच्या गालांवरून फिरविलेले फडके जुन्या मांजराच्या जेवणाच्या जागेपासून काही अंतरावर ठेवावे आणि दिवसामागून दिवस जवळ आणावे; पुढे बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची ताटे मांडावीत. जुने मांजर फिसकारते, तेव्हा घरची माणसे त्याला रागावतात. हे सर्वथा अनुचित आहे. फिसकारणे म्हणजे अंतर राखण्याची मागणी होय, आणि जो मागणी करतो त्याने अद्याप हल्ला केलेला नसतो. काही घरांत मांजराला मानेला धरून त्याचे नाक पिलाजवळ नेतात. मला हा प्रकार क्रूर वाटतो.

आमच्या घरी एक फाटक्या कानाचा, वखारीत वाढलेला बोका आहे. पिलाचा गंध घरात आला, तेव्हा त्याने खिडकीतली नेहमीची बैठक सोडली आणि तो कपाटावर जाऊन बसला. त्याला खाली उतरविण्याऐवजी आम्ही त्याचे ताट कपाटावर नेले, आणि तो उतरेल तेव्हाच पुढचे पाऊल टाकावयाचे असे ठरविले. तो उतरला, बंद दाराशी गेला, फटीशी नाक लावून बसला आणि परत फिरला. ते त्याचे पहिले विचारणे होते.

गंध ओळखीचा झाला म्हणजे दृष्टिभेट, आणि तीही जाळीच्या दारातून, अल्पकाळच. चपटे झालेले कान, आपटणारी शेपटी आणि न लवणारी नजर दिसली तर दार लावून घ्यावे. शेपटी उभी राहिली, डोळे सावकाश मिटले-उघडले, तर पुढे जाण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष भेटीपूर्वी पिलाला खेळवून दमवावे, कारण त्याला हद्दीचे ज्ञान नसते आणि त्याची झेप थेट शेपटीवर जाते. मोठ्या मांजराने नखे आत घेऊन दिलेली चापट हे शिक्षण आहे, त्यात आपण पडू नये. खरे भांडण जुंपले तर मध्ये हात न घालता पुठ्ठा घालावा. प्रक्षुब्ध मांजर समोर येईल त्याला चावते.

दोन मांजरांना मलमूत्राची पात्रे तीन असावीत, आणि ती एका रांगेत नसावीत. शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हे कठीण आहे, तरी ते करावे. मनावरचा ताण मांजराच्या मूत्रमार्गावर उतरतो. बोका पात्रात वारंवार बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मूत्र अडल्यास एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते.

काही जोड्या एकमेकांना चाटू लागतात. पुष्कळ जोड्या तसे कधीच करीत नाहीत. सकाळी गॅलरी एकाची, दुपारी दुसऱ्याची, असा वेळेचा करार करून त्या वर्षानुवर्षे राहतात, आणि यात काहीही उणे मानू नये. परंतु काही महिन्यांनंतरही जुने मांजर बाहेर येईनासे, खाईनासे झाले, तर दुसरे घर पिलासाठी शोधावे, जुन्यासाठी नव्हे. पिलाला मागणारे मिळतात, फाटक्या कानाच्या प्रौढ बोक्याला सहसा मिळत नाहीत. दोघांपैकी कोणालाही बाजारात नेऊन सोडू नये. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. नव्या घराचा शोध घ्यावा लागणारच असेल, तर पिल्लू लहान आहे तोवर, आणि त्याच्या लसी पुऱ्या करूनच, तो घ्यावा.